जुन्या भुशाची मूठ

—पिंजऱ्यांना हात नको लावूस मावशी, टकटकही करू नकोस, ते काय तुझ्या नातवंडांना खेळायला ठेवलेत? स्टुलावर बस. पिशवी मांडीवरच राहू दे. हं, आता सांग, फोन करता येत नव्हता, म्हणून थेट प्रयोगशाळेत? दारावरच्या माणसानं सोडलं कसं तुला? रडलीस ना त्याच्यापुढे? वाटलंच मला!

हे? उंदीर. कॅन्सरचं औषध टोचायचं नि कोण कुणाबरोबर राहतं ते बदलत जायचं — ही दुक्कल जन्मापासूनची, हिला परकी सोबतीण दिलीय, ती तिकडे एकटी — आणि मग रक्त तपासायचं, ताणाचं हार्मोन किती चढलं ते. लोक हसतात, म्हणे उंदरांना कसला आलाय ताण! हसेनात का, गाढवाला गुळाची चव काय. औषध तेच, मात्रा तीच, पण सोबतीण काढून घेतली की असं चढतं म्हणतेस — काय? आई? आईचा इथे काय संबंध? माझी आई उंदीर आहे का?

हे बघ, तुला खोकला होता. होता की नाही? आईची केमो चालू, त्यात साध्या सर्दीनंही माणूस जातो, म्हणून तुला तुझ्या लेकाकडे पाठवलं. हाकललं नाही, पाठवलं. आता खोकला गेला असेल, मी कुठे नाही म्हणते? पण अक्कल शिकवायला येऊ नकोस. तिची खोली लख्ख केलीय मी. तुझी खाट उभी करून भिंतीला लावली. गाद्या, चादरी, पडदे, सगळं औषधाच्या पाण्यातून काढलं. कुणाचा नखाएवढा वास उरला नाही तिथे. आणि ती बाई काय करते? भिंतीकडे तोंड करून पडते. दोन घास खाल्ले की ताट सरकवते. पहाटे हाक मारते, तीही तुला — मला नाही! मी धावत जाते, तर म्हणते, 'तू झोप.' इतकं करून हे फळ. जाऊ दे.

थांब, हा पिंजरा बदलायचाय. नवा पिंजरा, नवा भुसा, आणि वरून जुन्यातला हा मूठभर तसाच टाकायचा. घाण? घाण कसली, अडाणीच आहेस! त्यांचा वास असतो तो. तो नसला की बिचाऱ्या बावरतात, खात नाहीत, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून...

...

काय बघतेस अशी? पिशवीत काय आहे? शाल? तुझी, वापरातली? तिच्यासाठी? धुतलीस का? खरं सांग, धुतलीस?

नाही ना?

मग माझ्या हातात काय कोंबतेस, तूच ने. ही घे किल्ली. खाट जड आहे, एकटीनं आडवी करू नकोस, शेजारणीला हाक मार. तोंडाला मास्क लाव. आणि ती शाल धुवायची नाही, समजलं? डोळे पूस आधी. ऊठ, नीघ आता, मला कामं आहेत.