नामाबाबाचं जितेपणीचं मयतीगाणं

आमच्या केनवडचा सुखदेवभाऊ म्हणजे वेगळाच माणूस बरं! मयतीवर गाणे रचते अन् रडणाऱ्यायले हसवते.

मांगच्या साली आमच्या शेजारचे नामाबाबा लय आजारी पडले. त्यायनं सुखदेवभाऊले बोलावून घेतलं. म्हणे, "मेल्यावर माह्यावर गाणं करशीन, ते मले कसं ऐकू येईन? आताच म्हण."

नामाबाबाचा पोरगा चिडला, "काहून असं अभद्र बोलून राह्यले, बाबा?"

पण सुखदेवभाऊनं डफ घेतला अन् खाटेपाशीच सुरू झाला. गाण्यातले नामाबाबा तिरडीवर उठून बसले अन् खांदेकऱ्यायवर वरडले, "हळू चाला रे, माही कंबर दुखते!" खरे नामाबाबा खोकलू खोकलू हसले. मंग त्यायनं डफावर हात ठेवला.

"सुखदेव, खांदा देणाऱ्यायत माह्या भावाचं नाव टाक."

वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून झालेल्या भांडणापासून दोघा भावायचं बोलणं बंद होतं, हे साऱ्या गावाले माहीत.

सुखदेवभाऊ म्हणे, "गाण्यात कायले टाकू? मी त्याले संगच आणलं. बाहीर उभा आहे."

लहाना भाऊ आत आला, खाटेवर टेकला, बाबाचा हात धरला.

"दादा, खांदा मीच देईन," तो म्हणे, "पण तू घाई नको करू."