ओझेलाचा कॉर्डेल देशात गाजला तेव्हा

...आणि वर मलाच विचारतात, "अर्लीनबाई, पोरगा एवढा गाजतोय, मग ओझेलाचं तोंड का उतरलेलं?" आता काय सांगायचं, कप्पाळ! तुम्हाला सांगते, भिंतीला भिंत लागून घर आमचं, तिच्याकडे चमचा पडला तरी मला ऐकू येतो!

तिचा कॉर्डेल आमच्या गावच्या कॉलेजात फुटबॉल खेळतो, आपला अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा तो. बचावाला. म्हणजे चेंडू समोरच्यांकडे गेला की हा मैदानात. चेंडूवाल्याला धरायचं आणि आडवं करायचं. चेंडू आपल्याकडे आला की हा बाकावर. पण आपल्याकडे टिकेल तर ना! चेंडू पुढे नेणारी आमची पोरं म्हणजे... जाऊ दे, त्यांच्या आया ऐकत असतील. घेतला की घालवला! कॉर्डेल पाण्याला तोंड लावतोय न लावतोय तोच कोच टिलरी ओरडतात, "ऊठ बाबा, गेला पुन्हा!" मग काय होणार? सबंध देशात सगळ्यांत जास्त माणसं आडवी पाडणारा कोण? आमचा कॉर्डेल! टीव्हीवाले मैदानावर आले, म्हणाले, "याच्या यशाचं रहस्य काय?" म्हटलं, "ते काय, बाकावर बसलंय की ओळीनं!" ओझेलानं असा चिमटा काढला मला...

तिचं आपलं एकच. "देशातल्या निवडक खेळाडूंत एवढं नाव येऊ दे गं, मग मोठे संघ उचलतील त्याला. माझ्यासारखं शाळेच्या भटारखान्यात कढया घासणं नको." आणि पोरगा? "मम्मा, नाव राहू दे. हॉलिस क्रीकला एकदा हरवायचंय." हॉलिस क्रीक म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. याचा बाप खेळायचा तेव्हापासून आम्हाला बडवतंय. हरवायचंय म्हणे! चेंडू आपल्याकडे टिकेल तर ना!

आणि शेवटच्या सामन्यात, हॉलिस क्रीकशीच होता तो, टिकला हो! कसा, देव जाणे. खेळ संपत आलेला, थोडक्यात मागे होतो, आणि आमची पोरं पार त्यांच्या रेषेपाशी, वीतभर राहिलेलं, चेंडू पलीकडे नेला की जिंकलो! आता अशा वेळी आपल्या लोकांनी चर्चमध्ये बसल्यासारखं गप्प राहायचं असतं. चेंडू फेकणारा खुणेचे शब्द ओरडतो, ते त्याच्या पोरांना ऐकू जायला नकोत का? आरडाओरडा करायचा तो चेंडू त्यांच्याकडे असताना. सगळे गप्प. कॉर्डेल बाकावर उभा, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. तेवढ्यात मागून तो टीव्हीवाला पुटपुटला, "अजून एक आडवा पाडला असता तर याचं नाव नक्की होतं."

आणि ओझेला उठली. "कॉर्डेऽऽल!"

झालं! वर्षभर त्याच्या नावानं ओरडण्याशिवाय दुसरं केलंय काय आम्ही? अख्खं मैदान उठलं, "कॉर्डेल! कॉर्डेल!" पत्रे थरथरायला लागले! कोच हात जोडतायत, "अरे गप्प बसा, चेंडू आपला आहे!" कोण ऐकतंय? फेकणारा ओरडतोय एक, पोरं धावतायत भलतीकडेच, चेंडू पडला, हॉलिस क्रीकवाल्यानं उचलला... टिकेल तर ना!

कॉर्डेल मैदानात आला. चालत आला हो, धावत नाही. चेंडूवाल्याला धरलं, आडवं केलं, हात देऊन उठवलं सुद्धा. संपला सामना, हरलो पुन्हा.

"सवयीनं ओरडले गं," ओझेला घरी येईपर्यंत म्हणत होती. मी विचारलं होतं का?

पुढच्या आठवड्यात नाव आलं. गावभर भोंगे, चर्चच्या फळ्यावर अभिनंदन, ओझेलाच्या अंगणात मासे तळायला घेतलेले. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. "बाळा, आलं रे नाव!"

"हो मम्मा. अभिनंदन."

"अरे वेड्या, माझं कसलं? तुझं!"

"नाही मम्मा," शांतपणे म्हणाला, "तुझंच." मग तिच्या गुडघ्याची चौकशी केली, माझी केली, आणि ठेवला फोन. गुणी पोरगा हो. रागावला असता तर बरं झालं असतं.

ओझेला झारा हातात धरून तशीच उभी. "अर्लीन, आनंद झाला असेल ना गं त्याला?"

म्हटलं, "झाला असेल गं. तो मासा उलट आधी, करपतोय."