मेहताकाकांचा शाकाहारी ब्राउनी

आमच्या सासूबाईंचं काय सांगू तुम्हाला. मूळच्या नवघर गावच्या, त्यामुळे कोंबडी घरीच कापणार. शेजारच्या मेहताकाकांचा कुत्रा, ब्राउनी, दर रविवारी मागच्या दाराशी हजर. सासूबाई त्याला कच्चे पाय, मान, आतडी गुपचूप घालायच्या आणि मलाच दटावायच्या, "काकांना कळायला नको हां. जैन मानूस हाय तो."

काका मात्र सगळ्यांना सांगत फिरायचे, "मेरा ब्राउनी खिचडी पे पला है, एकदम शुद्ध."

यंदा श्रावण लागला आणि आमच्याकडे कोंबडी बंद झाली. ब्राउनी खिचडीला तोंड लावेना. शेवटी काकाच मागच्या दाराशी आले, इकडेतिकडे बघून सासूबाईंना हळूच म्हणाले, "माँजी, आपका श्रावण कब खतम होता है?"