उद्याचा निकाल

(सास्तूर. रविवारची दुपार. आबाराव आणि या वर्षीच न्यायाधीश झालेली त्यांची नात क्षमा जेवायला बसलेत.)

आबाराव: ताट का सरकवलंस? भाजी खारट झाली व्हय?

क्षमा: नाही आबा. भूकच नाही.

आबाराव: जजसाहेब, महिन्यानं घरी आलात आन् तोंड पाडून बसलात. काय झालं, सांग की.

क्षमा: उद्या एका म्हातारीच्या विरोधात निकाल द्यायचाय. जमिनीचा.

आबाराव: नाव सांगू नकोस.

क्षमा: नाही सांगत. ती खरं बोलतीय, मला आतून कळतंय. पण कागद नाही, साक्षीदार मेले. कायद्यानं ती हरतेच. मग मी तिथं बसून करते काय?

आबाराव: माझं बी असंच झालतं. वढ्याकडच्या अडीच एकर रानाचं.

क्षमा: जमीन गेली एवढंच आई सांगायची. तुम्ही कधी बोलला नाहीत.

आबाराव: काय बोलायचं? व्यवहार साध्या कागदावर केलता. भूकंपात भिंत पडली, कागद तिच्याखाली गेला. विकणारा बी त्यातच वारला, आन् त्याच्या पोरांनी हात वर केले. नऊ वर्षं कोर्टात गेलो. हरलो.

क्षमा: राग नाही आला?

आबाराव: आला की! दोन दिवस तुझ्या आजीशी बोललो न्हाय. तिचा काय संबंध, सांग! पण जजवर न्हाय आला.

क्षमा: का?

आबाराव: नऊ वर्षं नुस्ता पुकारा व्हायचा. वकील आपसात बोलायचे, म्या तारीख घेऊन घरी. काय चाललंय, काय बी कळायचं न्हाय. निकालाच्या दिवशी त्या जजनं वकिलाला थांबवलं. म्हणला, आबाराव, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण पुराव्याशिवाय तुम्हाला दिली, तर उद्या कुणीही येऊन कुणाचीही जमीन मागंल. वरच्या कोर्टात अपील करता येतं, मुदतीत करा.

क्षमा: केलंत?

आबाराव: केलं. तिथं बी हरलो.

क्षमा: आबा!

आबाराव: हसतीस काय? अजून जीव तुटतो माझा त्या रानासाठी. पण गावात मान खाली घालून फिरलो न्हाय. लबाड ठरलो न्हाय ना म्या.

क्षमा: एकेका दिवशी साठ-साठ केसेस असतात, आबा. एवढं बोलायला वेळ कुठं असतो?

आबाराव: काढ.

क्षमा: आणि मलाच रडू आलं तर?

आबाराव: आलं तर आलं. तिला समजंल अशा मराठीत सांग. आन् सांगताना फायलीत बघू नको बाई, तिच्याकडं बघ.