खडकापलीकडचे मासे

मेव्हणा : ...त्यापेक्षा ते कोपऱ्यातले दाखवा ह्यांना, बाई. लहान मुलांचे. बादलीबरोबर फुकट मिळतात ना, तसले.

दुकानदारीण : माझ्याकडे फुकट काही मिळत नाही. गळाचा रॉड हवाय कोणाला? तुम्हाला, का ह्यांना?

दाजी : मला. वाळूवर उभं राहून समुद्रात टाकायचाय. स्वस्तातला हवा, पण टिकेल असा.

मेव्हणा : हे आमचे दाजी. धाकट्या बहिणीचे यजमान. चष्म्याच्या काचा घासतात. दर उन्हाळ्यात आमचं सगळं घर किनाऱ्यावर जातं. मी मासे धरतो, हे बादली धरतात. सात वर्षं सुखानं चाललं होतं. यंदा ह्यांना हुक्की आली.

दुकानदारीण : मग तुम्ही कशाला आलात?

मेव्हणा : कोणी टोपी घालू नये ह्यांना म्हणून. जाणकार माणूस बरोबर असलेला बरा.

दुकानदारीण : असं का! बरं, हा बघा. एकात एक सरकणारा. पिशवीत मावतो.

दाजी : पण सांध्यांत वाळू जाईल ना? मग तो उघडायचाही नाही आणि मिटायचाही नाही.

दुकानदारीण : बघायचं होतं तुम्ही काय म्हणता ते. ठेवा बाजूला, लोक रंग बघून नेतात. हा घ्या. नऊ फुटी, दोन तुकड्यांचा. आत फायबरग्लास आहे, म्हणून जरा जड. पण आपटला तरी मोडत नाही. दोरी ओवायच्या ह्या कड्या गंजणार नाहीत, एवढी हमी माझी.

मेव्हणा : नऊ फूट? नऊ फुटांत काय होतंय! माझा तेरा फुटी आहे, कार्बनचा. लाटांच्या पार टाकतो मी. दाजी, ह्यानं तुम्ही घोट्याएवढ्या पाण्यात टाकाल.

दुकानदारीण : पहिल्या लाटेच्या मागे खळगा असतो. मासा तिथेच येतो चरायला. लोक त्याच्या डोक्यावरून लांब टाकतात आणि मग समुद्राला नावं ठेवतात.

मेव्हणा : पुस्तकी ज्ञान आहे हे, बाई.

दुकानदारीण : पुस्तक नाही वाचलं मी. बावीस वर्षं गुडघाभर पाण्यात उभी राहिलेय. तुम्ही कुठे उभे राहता?

मेव्हणा : मी खडकापलीकडे जातो. एकटा. माणसांचा गलबला झाला की मासा बिथरतो. दोन तासांत सहा-सात घेऊनच येतो. विचारा दाजींना, बादली त्यांच्याच हातात असते.

दाजी : हो. माझ्याच हातात असते.

दुकानदारीण : मग जाणकार, एवढं करा. हे दोरीचं रीळ ह्या रॉडवर बसवा. हातात घेतल्यावर तोल कसा वाटतो ते ह्यांना कळू दे.

मेव्हणा : त्यात काय! द्या इकडे. हे असं... सरकवायचं... आणि आवळायचं. झालं! धरा दाजी, जपून.

दुकानदारीण : उलटं बसलं.

मेव्हणा : काय उलटं?

दुकानदारीण : रीळ. रॉडच्या वरच्या अंगाला बसवलंत. हे खाली लोंबतं, कड्या जमिनीकडे असतात. एकदा जरी पाण्यात टाकला असतात ना, तर हातालाच कळलं असतं.

मेव्हणा : माझ्याकडचं वेगळ्या पद्धतीचं आहे. भारीतलं. ह्या स्वस्त मालाची खोबणीच धड नाही.

दुकानदारीण : नाचता येईना, अंगण वाकडं. थांबा, ह्याच्या जोडीचं हलकं रीळ माळ्यावर आहे. आणते. तोवर त्या काडीला हात लावू नका. तुम्हाला सांगतेय, जाणकार.

(दुकानदारीण शिडी लावून माळ्यावर चढते.)

मेव्हणा : जीभ बघा बाईची! गिऱ्हाइकाशी बोलायची रीत आहे का ही? चला दाजी, दुसरं दुकान बघू. नाहीतर राहू द्या. कशाला ही थेरं ह्या वयात? वाळूत पडाल, चष्मा फुटेल, पोरं हसतील.

दाजी : हसतातच. परवा शेजारच्या मुलीनं आमच्या लेकीला विचारलं, तुझे बाबा मासे धरतात का गं? ती म्हणाली, छे, मामा धरतो. बाबा नुसती बादली धरतात. आणि हसली. हुबेहूब तुमच्यासारखी.

मेव्हणा : मग खोटं काय बोलली?

दाजी : काहीच नाही. मीच आजवर गप्प बसलो. दादा, गळाला लागलेल्या माशाचं तोंड फाटतं. ओठाला नाहीतर जबड्याला भोक पडतं.

मेव्हणा : बरं मग?

दाजी : सात वर्षांत तुमच्या एकाही माशाला ते नव्हतं. सगळ्यांच्या कल्ल्यांमागे जाळ्याचे वळ होते. गेल्या वर्षीच्या दोन माशांच्या कल्ल्यांत तर बर्फ होता. आणि डोळे खोल गेलेले. दोन दिवसांपूर्वी मेलेले मासे होते ते. बाकी सगळे चटईवर बसून तुमची वाट बघायचे. तिथे बादलीत बघणारा मी एकटाच होतो.

मेव्हणा : हळू बोला. वर ऐकू जाईल.

दाजी : ह्यापेक्षा हळू मला येत नाही.

मेव्हणा : एखाद्या वर्षी नाही लागत मासा. मग सगळे तोंडाकडे बघतात. आमचे बाबा तर... तुम्हाला काय माहीत! रिकाम्या हातानं आलं की ते काय बोलतात ते तुम्ही ऐकलं नाहीत कधी.

दाजी : मला तेच ऐकवत होतात की तुम्ही, सात वर्षं.

मेव्हणा : ...आता काय, सगळ्यांसमोर सांगणार?

दाजी : नाही. मला मासा धरायचाय, तुम्हाला धरायचं नाहीये. नाहीच लागला, तर लेकीला सांगेन, नाही लागला. मला जमेल ते.

दुकानदारीण : (वरून) मिळालं! हलकं आहे, स्वस्तही आहे. रॉड नक्की करायचा ना?

दाजी : नक्की. हाच.

मेव्हणा : दाजी... बहिणीला कळता कामा नये हं. तेवढं करा माझ्यासाठी.

दाजी : मासे साफ कोण करतं, दादा? तिला पहिल्याच वर्षी कळलं. मी तेव्हाच बोलणार होतो. तीच म्हणाली, असू द्या, आईला त्याचं तेवढं एकच कौतुक उरलंय.