जागा आहे, परती नाही

काउंटरवाली : नाही मावशी, जागा आहे. जागेचा प्रश्नच नाही. परतीचं तिकीट दिसत नाहीये.

आई : परवापासून तुम्ही लोक म्हणताय जागा नाही. आज जागा आहे तर परती नाही. तुमचं काय ते एकदा ठरवा.

मुलगा : मॅडम, परती आहे की. हे बघा, स्टाफचं तिकीट, जाण्यायेण्याचं. मी आपल्याच कंपनीच्या कार्गोत आहे, आई माझ्या पासवर चाललीय.

काउंटरवाली : मग तर तुम्हाला सांगायलाच नको. हे स्टँडबाय झालं. विमानात जागा उरली तर मिळणार, नाहीतर नाही. त्या देशाचे अधिकारी याला परती मानत नाहीत. पक्कं तिकीट नसलं तर ते मावशींना दारातूनच माघारी पाठवतील, आणि दंड आपल्या कंपनीला.

आई : अरे, पक्कं काढलं होतंस ना? परवा मला मोबाइलवर दाखवलंस.

मुलगा : ते रद्द केलं.

आई : कुणी?

मुलगा : मीच. आई, ऐक तर खरं. ते नुसतं दाखवायला असतं. सगळे स्टाफवाले असंच करतात. तिकीट काढायचं, तिकडे दाखवायचं, बाहेर पडलं की रद्द. पण पूर्ण पैसे परत मिळायला चोवीस तासांची मुदत होती. परवा तुला जागा मिळाली नाही, काल मुदत संपत आली, म्हणून...

आई : आणि आज सकाळी नवीन का नाही काढलंस?

मुलगा : यादीत तुझ्यापुढे कितीजण होते! म्हटलं, आधी जागा मिळते का बघू. उगाच कशाला.

आई : शी!

मुलगा : हळू बोल. लोक बघतायत.

आई : बघू देत. परवापासून त्या खुर्च्यांवर पडलेय मी. पायांचे भोपळे झालेत. इथल्या संडासात तोंड धुतेय, तिथेच साडी बदलतेय. तेव्हा नाही वाटलं तुला, लोक बघतायत म्हणून?

काउंटरवाली : दादा, काय ते लवकर करा. यादीत तुमच्यामागे या ताई आहेत. वैमानिकाच्या घरच्या.

मुलगा : काढतो ना, आत्ता काढतो. काउंटर बंद व्हायला वेळ आहे, मला माहितीये.

आई : काढ बाबा. कुठलंही काढ. उद्या तुझ्या बहिणीच्या डोक्याचं ऑपरेशन आहे. परक्या देशात एकटी पडलीय पोर. तिला आत नेण्याआधी मला पोचायचंय, मग माझं काही का होईना.

मुलगा : हो गं. मी काय नको म्हणतोय? हे बघ, हे एक आहे... पण हे रद्द केलं तर छदाम परत मिळत नाही. थांब, खाली आणखी आहेत. मॅडम, तिथून इकडचंच हवं, की पुढचं कुठलंही चालेल?

काउंटरवाली : तिथून बाहेर पडणारं कुठलंही. पक्कं हवं, आणि मावशींच्या नावाचं. दादा, या ताईंचे कागद तयार आहेत.

मुलगा : हे जरा स्वस्त दिसतंय... छे, हेही परत मिळत नाही.

आई : नाही मिळत तर नाही मिळत! घे ते. मी पाया पडते तुझ्या.

मुलगा : एक मिनिट, आई.

काउंटरवाली : दादा?

मुलगा : एकच मिनिट... सापडलं! पूर्ण पैसे परत. कोड आला... झालं. बघ, मिळालं की नाही? हे घ्या मॅडम.

काउंटरवाली : जागा गेली, दादा.

मुलगा : गेली म्हणजे? काउंटर तर उघडाच आहे!

काउंटरवाली : काउंटर उघडा आहे. जागा एकच होती. तुम्ही मान वर केली नाहीत, आणि मला कागद तयार असलेल्याला द्यावी लागते. माफ करा मावशी.

मुलगा : मग दुसऱ्या कंपनीचं, पूर्ण भाडं भरून...

काउंटरवाली : आज तिकडे जाणारं हे शेवटचं.

आई : पूर्ण भाडं! आता सुचलं याला. परवा मी म्हणाले, माझी ठेव मोडते, सरळ तिकीट काढ. तर म्हणालास, घरचं विमान असताना? घरचं विमान! किळस येते मला त्या शब्दाची. तुझीही येतेय. हात नको लावूस.

मुलगा : आई, मी तुझेच पैसे वाचवत होतो...

आई : फुकटाची चटक लागलीय तुला. फुकट मिळतंय म्हटलं की बहीणसुद्धा दिसत नाही.

(मोबाइल वाजतो.)

मुलगा : तिचाच आहे. तू बोलतेस?

आई : तूच बोल.

मुलगा : सांगतो, आई विमानात बसली. आज रात्री झोप तरी लागेल तिला.

आई : खरं सांग.

मुलगा : आत्ता? ऑपरेशनच्या तोंडावर?

आई : आत्ताच. अख्खी नोकरी इस्पितळात गेली माझी. स्ट्रेचर दारातून आत जाताना पेशंट एकदा मान वळवतोच, कोण आलंय बघायला. तिने उगाच शोधायला नको.