जोडव्यांचं सांगायचं राहिलं

माझं गाव शेवगावच्या अलीकडं, आता तिथं माझं कोनी न्हाई, घरबी न्हाई, पन कोनी गाव इचारलं की तोंडातून तेच येतं. बाप मिशनच्या शाळेत मास्तर, मास्तर म्हंजे काय, चार बुकं शिकल्याला, पन डोक्याला टोपी आन आयतवारी मिशनच्या देवळात उभं ऱ्हाऊन बायबल वाचायचा, म्हनून आमाला गावात मान हुता आन न्हवताबी, ते कसं ते तुमी समजून घ्या. आमी चार भावंडं, मी थोरली, मार्था. सातवी झाले तशी बापानं मला नगरला नर्सिंग शिकायला घातली. आई रडली, म्हनली पोरगी लोकांची घान काढनार, बाप म्हनला पुन्याचं काम हाय.

वसतिगृहातल्या बाईनं आदी आमची जीभ धुतली. पानी न्हवं पाणी, हाय न्हवं आहे. पयल्या वर्साला लई तरास झाला, दुसऱ्या वर्साला मला इंग्लिशबी यायला लागलं, आन मग गावाकडची बोली ऐकली की मलाच हसू यायचं. सुट्टीत घरी गेले आन आईला म्हनले, आई, न्हाई नको म्हणूस, नाही म्हण. आई म्हनली, व्हय बाई. काय सांगू तुम्हाला, आई जाऊन इतकी वर्सं झाली, तिचं ते व्हय बाई अजून ऐकू येतं.

लढाई चालू हुती तवाचं हे. मी शिकून मिशनच्या दवाखान्यात लागले हुते, तिथं परदेशातली एक मडम डॉक्टर आल्ती, हाताला लई गुन, सोभावानं गरीब, पन मराठी तिला दुखतं का, बसा, गोळी, एवढंच. म्हनून मी तिच्या संगती. पेट्रोल मिळायचं न्हाई, त्यामुळं मोटार पंधरवड्यातून एकदा निघायची, कोल्हारच्या पुढं नदीकाठच्या गावात धर्मशाळेत टेबल मांडायचं, आन शंभर-सव्वाशे मानूस बसल्यालं असायचं. बाई सांगनार, मी ते इंग्लिशमधी करून मडमला सांगनार. आता खेड्यातली बाई दुखनं कसं सांगती? पोटात दुखतं म्हनून न्हाई सांगत. ती सुरवात करनार भावजयीच्या लग्नापासनं, मधी म्हस येनार, दीर येनार, मग कुठं पोट येनार. मी ते समदं गाळून एका वाक्यात मडमला द्यायची. मडम म्हनायची, मार्था, तू नसतीस तर आपण इथंच मुक्काम केला असता. मला लई बरं वाटायचं. मी तर त्यात पटाईतच झाले.

एकदा एक पोर आली, वीस वर्सांची असंल, कौसा नाव, आठवा म्हयना, पयलटकरीन. संगं कोनी न्हाई, सासू घरीच. मडमनं पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, म्हनली ठीक हाय, आता तू इचार. गरवार बाईच्या पायाला अंगठा दाबून सूज बघायची हे काम माझं, नेमून दिल्यालं. अंगठा दाबला आन खड्डा ऱ्हायला तर सूज. मी म्हनले, पाय पुढं कर. तर तिनं पाय लुगड्यात वढून घेतले. आन सांगायला लागली, बाई, आयतवारी बाजारला गेल्ते, सासूबाईनं वांगी आनायला सांगितल्ती, येताना पाय असे जड झाले, जोडवी बोटात रुतायला लागली, म्हनून बांधावर बसले, थुकी लावलावून काढली न् पदराला बांधली, तर घरी सासूबाईनं बोटं बघितली, म्हनली नवरा जित्ता असताना मोकळी बोटं घेऊन गावातनं आलीस व्हय, तवापासनं बोलत न्हाईत माझ्यासंगं, आन माझं डोकं असं ठनकतं, आन डोळ्याम्होरं...

मी म्हनले, बास बाई, कळलं. मागं रांग केवढी हुती. पाय बघितलेच न्हाईत.

मडम म्हनली, एवढा वेळ काय सांगत होती ती? मी म्हनले, सासूचं भांडण, डोकं दुखतं, झोप नाही. मडम हसली, म्हनली सासवा सगळीकडं सारख्याच. डोक्याच्या गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं. कौसा हात जोडून गेली.

तुमाला कळलं का ते? जोडवी रुतली म्हंजे पाय सुजल्याले. सूज, डोकं, आन डोळ्यापुढं काजवे, हे तीन गरवार बाईला एकदम झालं की तिला घरी धाडायची न्हाई, झटके येत्यात, हे पयल्या वर्साच्या पोरीलाबी ठावं असतं. आन पाय तिनं का लपवले? बोटं मोकळी हुती म्हनून. मी काय इलायतेत जल्मले हुते का? मला हे कळाय नको? माझी मावशी ख्रिस्ती झाली न्हवती, तिच्या पायात जोडवी हुती, मला समदं ठावं हुतं. पन मला ते ठावं असल्याचीच लाज वाटत हुती, म्हना.

पुढच्या पंधरवड्याला आमची मोटार पोचायच्या आदीच धर्मशाळेम्होरं बैलगाडी सोडून ठेवल्याली. गाडीत कौसा. पहाटपासनं झटके. तोंड इतकं सुजल्यालं की मी वळखलं न्हाई, बोटांत रुतल्याल्या जोडव्यांवरनं वळखलं. जोडवी परत घातल्याली, सासूनं घालाय लावल्याली, आन बोटाचं मांस दोन्ही बाजूनं वर आल्यालं. मी डायव्हरकडनं पकड आनली न् ती जोडवी तोडून काढली. मडमनं तिथंच, धर्मशाळेच्या फरशीवर, बाळ सोडवलं. पोरगी झाली, ती जगली. दुपारी कौसा गेली.

सासू माझ्या पायाशी बसली. मला वाटलं आता ही शिव्या घालती, घालू दे. तर ती म्हनली, बाई, मागल्या टायमाला घरी आली तवा लई खूस हुती, म्हनली दवाखान्यातल्या बाईनं माझं समदं ऐकून घेतलं. मंग म्हनली, आता सवाशिनीला बिगर जोडव्याची कशी घालवू? मी ते तोडल्याले तुकडे गोळा केले, बोटाभवती लावले, न् वरनं जखम शिवायचा दोरा गुंडाळला.

मोटारीत मडमनं इचारलं, मार्था, मागच्या वेळी पायाला सूज होती का? मी म्हनले, नो मॅडम. दोनच शब्द. ती म्हनली, मी स्वतः पाय बघायला पाहिजे होते. तो दोष तिनं स्वतःवर घेतला, आन मी घेऊ दिला.

सोराज्य आल्यावर वर्साभरानं मडम मायदेशी निघाली. ठेसनावर माझा हात धरून म्हनली, मार्था, इथलं जे काय मी ऐकलं ते तुझ्या कानांनी ऐकलं. तवा तरी सांगायचं. गाडी दहा मिंटं उभी हुती. न्हाई सांगितलं. पुढं दोन पत्रं आली, मी उत्तरात हवापानी लिवलं.

तवापासनं मी कुठल्याबी बाईला मधी तोडलं न्हाई. म्हस सांग, दीर सांग, लग्नाला कोन कोन आलं ते सांग. रांग वाढायची, डॉक्टर वैतागायचे, म्हनायचे मार्थाबाईंना निवांत काम द्या. दिलंबी. पन ह्यानं काय फिटतंय? कौसाची सासू ती पोर घेऊन दुधाच्या पावडरीला यायची, न् दर वक्ती पोरीला म्हनायची, ह्या बाईच्या पाया पड, तुझ्या आयचं ह्यांनीच ऐकलं हुतं. आन ती पोर वाकायची. तिला उचलून घेताना मला मान वर करवत न्हवती.

आता भिंगारला भाचीपाशी असते. गुडघे गेले, डोळ्याचं एक आप्रेशन झालं, खायला मिळतं, भाची बोलती गोड. माझ्या पायाला आता सांच्याला सूज येती, अंगठा दाबून बघते, खड्डा पडतो. बघते आन तशीच बसून ऱ्हाते.

तुमी मघापासनं लिवून घेताय, लांबलं असंल, तुमचे वरचे लोक म्हनतील छापताना कापा. कापा की. माझ्या बापाचं कापा, शाळेचं कापा, गुडघ्याचं तर कापाच. पन कौसा जे बोलली, बाजार, वांगी, बांध, पदराला बांधल्याली जोडवी, ते तेवढं जसंच्या तसं ऱ्हाऊ द्या बाबा. डोळ्याम्होरं म्हनून ती थांबली, तिथं मी थांबवली असं लिवा. देव तुमचं भलं करो.